वेशीत तो कुणाचाच नव्हता

पोळ्याच्या दिवशी दुपारी सखाराम नदीवरून बैल धुऊन परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर चारांऐवजी तीनच बैल होते आणि कुत्रा नव्हता. मी पाट्यावर पुरण वाटत होते. सखाराम माझ्या मळ्यावरचा जुना गडी, मोट तोच हाकतो. बैल बांधता बांधताच लांबून हाक मारायची त्याची सवय. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेर येऊन गप उभा राहिला. मी वर न बघता विचारलं, "हौश्या कुठं हाय?" चौथ्या बैलाची चौकशी मी आधी केली. आज लिहिताना ते टोचतं, पण झालं तसं झालं आणि ते बदलून लिहिण्यात अर्थ नाही.

"हौश्याला दादारावांनी नेलं. नदीवरच कासरा घेतला माझ्या हातातला. म्हनले, मिरवणुकीला जोडी पायजे, आमचा एक लंगडतोय." दादाराव म्हणजे माझे धाकटे दीर. सखारामने माझ्या पुरणाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, हात धुवा जरा."

"काजळ्या?"

"काजळ्याला मारलं, अक्का. तालुक्याच्या शिपायांनी. वेशीत. मी पोचायच्या आत बार निघाला हुता."

मी पट्ट्याचं विचारणार होते, पण विचारायची गरज पडली नाही. सखारामच्या खांद्यावरून समोर गोठ्याची खुंटी दिसत होती आणि खुंटीला काजळ्याचा पट्टा लटकत होता. आदल्या संध्याकाळी मीच तेल लावून अडकवलेला...

त्याला आता सहा आठवडे झाले. असे मृत्युलेख माणसांवर लिहितात हे मला ठाऊक आहे. माझ्या घरातली दोन माणसं गेली तेव्हा मी काही लिहिलं नाही, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळं लोकांनी सांगून टाकलं होतं. काजळ्याबद्दलही गावात आता पुष्कळ सांगतात. किती हुशार होता, किती इमानी होता, असं कुत्रं पुन्हा होणं नाही. जे हे सांगतात त्यांतले बहुतेक त्या दिवशी वेशीत उभे होते. म्हणून मला लिहिणं भाग आहे.

आमचं गाव गोदावरीच्या काठी, गेवराईपासून चार कोसांवर. मळा गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. नवरा वारल्यावर सगळ्या जमिनीचा कागद दिरांच्या नावावर चढला. बाईचं नाव कागदावर घालण्याची आमच्यात चाल नाही. विहिरीचा मळा, चार बैल आणि दोन गाई तेवढ्या चार माणसांसमोर माझ्या पोटापाण्यासाठी म्हणून तोडून दिल्या आणि भावजींनी वर एक अट घातली, "वैनीला झेपंल तवर." या तीन शब्दांवर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत. वर्षातून दोनदा, पेरणीच्या तोंडावर आणि सुगी संपली की, भावजी येऊन ओसरीवर बसत, गूळ खात, पाणी पीत आणि विहिरीकडे बघत विचारत, "मग, झेपतंय का?" मी म्हणत असे, "झेपतंय." ते उठून जात. झेपलं नाही तर मी त्यांच्या घरात एका कोपऱ्यात भाकरी खाऊन राहायचं, हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता.

झेपत होतं त्यात निम्मा वाटा त्या कुत्र्याचा होता, हे आधीच सांगून टाकते.

तो मला धनगरांकडून मिळाला. उन्हाळ्यात रानाला खत मिळावं म्हणून आम्ही शेतात मेंढरं बसवतो. त्या वर्षी आलेल्या धनगरांची कुत्री माझ्या बांधावर व्याली. सहा पिल्लं. जाताना त्यांनी पाच नेली आणि राहीबाई नावाच्या म्हातारीने एक उचलून माझ्यासमोर ठेवलं. "डोळ्याला काजळ घातल्यागत हाय बघ. ठिव तुला." मी म्हटलं, मला कुत्रं शिकवायला वेळ नाही. म्हातारी म्हणाली, "ह्याला शिकवायचं नसतंय बाई. तू आपलं काम कर, ह्यो बघत बसंल. बघून बघून तुज्यापरीस शाना हुईल." म्हातारीचा स्वभाव फुशारकीचा होता, पण याबाबतीत तिने जास्त सांगितलं असं नाही म्हणता येणार. रंग मातीचा, अंग हडकुळं, डोळ्यांभोवती काळी कड. मी त्याला काजळ्या म्हणू लागले. लाडात येणं त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी अंगणात आले की तो उठून उभा राहायचा, मी बसले की बसायचा. यापलीकडे आमच्यात काही लाडबीड झाले नाहीत.

वर्षाच्या आतच तो जनावरं मोजायला शिकला. हे ऐकून गेवराईचे लोक हसतात, पण मी पाहिलेलं सांगते. दिवस मावळायला जनावरं रानातून आली की तो गोठ्याच्या दारात बाजूला बसे. चार बैल, दोन गाई, एक वासरू. सातवं आत गेलं की उठे, माझ्यापाशी येई आणि अंग टाकून देई. सहाच आली तर बसल्या जागचा हलत नसे. जरा वेळ वाट बघे आणि मग रानाकडे चालता होई, आणि राहिलेलं जनावर घेऊनच परत येई. एकदा आठ आली. भावजींच्या गोठ्यातलं एक वासरू आमच्या गाईंच्या मागोमाग चुकून आलं होतं. काजळ्याने सात आत जाऊ दिली आणि आठव्याला दारात अडवलं. भुंकला नाही, चावला नाही. नुसता आडवा होत होत त्याला वळवलं आणि बांधापलीकडे, भावजींच्या हद्दीत नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी भावजी तणतणत आले. "वैनी, तुमचं कुत्रं माझं वासरू हाकलतंय."

"तुमचं हाय म्हणूनच हाकलतंय," मी म्हटलं.

सखाराम तोंड फिरवून हसला. भावजींनी ते पाहिलं. त्या दिवसापासून ते काजळ्याला माझा कारभारी म्हणू लागले. गावाने तो शब्द उचलला. मी वेशीतून जाताना चावडीच्या ओट्यावरची माणसं म्हणायची, "सरा बे, अक्का आल्या कारभाऱ्यासंगं." काजळ्या माझ्या मागे चार पावलं अंतर ठेवून, इकडेतिकडे न बघता चालायचा, त्याची त्यांना जास्तच गंमत वाटे. एकटीच्या बाईला गावात पोरकटपणाने बोलतात तसंच ते होतं. मी मनावर घेतलं नाही. पण एक लक्षात ठेवावं, तो कुणाचा हे त्या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

मोटेवर त्याने जे केलं ते सखाराम माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. मोट धरली की काजळ्या विहिरीच्या तोंडाशी, चाकाच्या बरोबर खाली बसून असे. एका चैत्रात सकाळी मोट बुडवून झाली आणि सखाराम बैलांना धावेवरून, विहिरीपुढच्या उतरत्या वाटेवरून, खाली हाकणार, तोच काजळ्या उठला आणि बैलांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. सखारामने शिव्या दिल्या, आसूड उगारला, "हट बे मुडद्या." तो हलेना. मी मिरचीच्या वाफ्यात होते, आवाज ऐकून आले. "याड लागलंय ह्याला, अक्का. बैल हलू दीना," सखाराम म्हणाला. मी कुत्र्याकडे पाहिलं. तो बैलांकडे बघत नव्हता, वर चाकाकडे बघत होता. मी सखारामला म्हटलं, वर चढ आणि कणा बघ. तो कुरकुरत चढला. चाकाचा लाकडी कणा हाताने चाचपला आणि वरूनच म्हणाला, "अक्का... ह्यो निम्म्यावर चिरलाय." भरल्या मोटेच्या ओढीला तो कणा मोडला असता तर चाक विहिरीत आणि नाड्यावर म्हणजे मोटेच्या दोरावर बसलेला सखाराम बैलांच्या पायात. कण्याचा आवाज बदलल्याचं आम्हा दोघांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. तेव्हापासून रीतच पडली. आधी काजळ्या विहिरीच्या तोंडाशी एक फेरी मारी, चाकाखाली मान वर करून थांबे, मग बाजूला होई, आणि मगच मोट सुरू. बैलांनाही ते इतकं सवयीचं झालं की त्याची फेरी होईपर्यंत ते पाय उचलत नसत.

आता मी माझं सांगते, कारण दोष कुणाकुणाचा हे सांगायचं तर स्वतःपासून सुरुवात केलेली बरी. एकदा गेवराईचा बाजार करून येताना नदी ओलांडायच्या उतारावर कळलं की पलीकडच्या काठाला दिलेली माझी चुलत बहीण आजारी आहे. नावाडी कुत्र्याला नावेत घेईना. मी बाजाराचं गाठोडं वाळूत ठेवलं, काजळ्याला म्हटलं, "बस हितं," आणि पलीकडे गेले. बहिणीकडे उशीर झाला. तिच्या दिराची गाडी वरच्या उताराने आमच्या बाजूला येणार होती, तिच्यात बसून मी थेट मळ्यावर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीला बसले आणि घास हातात राहिला. गाठोडं आठवलं. खरं सांगायचं तर आधी गाठोडंच आठवलं.

गेले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काजळ्या गाठोड्याला अंग लावून बसला होता. गाठोड्यातल्या भाकरीला मुंग्या लागल्या होत्या, तिला तोंड लावलेलं नव्हतं. नदी दहा पावलांवर. वाळूत त्याच्या पावलांचा एकही ठसा पाण्याकडे गेलेला नव्हता. नावाडी म्हणाला, "बाई, काल धरनं बसलंय. म्या पानी ठिवलं म्होरं, तर पान्याकडं बी बघंना. तुमी काय म्हनून गेलता त्याला?" मी म्हटलं, बस म्हणून गेले होते. "मग उठ म्हनाया यायचं न्हाई व्हय?" नावाडी म्हणाला. मी काजळ्याला "ऊठ" म्हटलं. तो उठला, पाण्याशी गेला, पुष्कळ वेळ पाणी प्यायला आणि परत येऊन माझ्या मागे चार पावलांवर उभा राहिला. मी गाठोडं उचललं आणि चालू लागले.

त्या वेळी विसरले तर तो वाट बघत बसला. दुसऱ्यांदा विसरले तेव्हा वाट बघायला वेळच मिळाला नाही त्याला.

यंदा आषाढात शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं दोघांना चावलं. तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. कागद उर्दूत, पोलीस पाटलाने तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि दवंडी पिटली, ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही ते बेवारस धरलं जाईल आणि मारलं जाईल. काजळ्याच्या गळ्यात तोवर अंबाडीची दोरी असायची. दवंडी ऐकली त्याच दिवशी मी गणूबाकडे गेले. गणूबा चांभार आमच्या मोटा शिवतो. जुन्या मोटेच्या चामड्यातला चांगला तुकडा काढून त्याने पट्टा शिवला, वर बैलाच्या घुंगुरमाळेतली एक पितळी कडी बसवली. "आता ह्याला कोन हात लावतंय," म्हणाला. तेव्हा हुकूम मला माहीत नव्हता किंवा मी हयगय केली, असं नाही. सगळं नीट केलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. जू ओढून ओढून बैलांचे खांदे दुखावलेले असतात, ते हळद-तेलाने चोळायचे आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. आमच्या घरची त्यात आणखी एक रीत आहे. खांदेमळणीला जनावराच्या अंगावरचं सगळं जुनं उतरवायचं, वेसण, दावं, घुंगरं, आणि पोळ्याला आंघोळ घालून आणलं की मग नवं घालायचं. तेवढा एक दिवस त्याच्या मानेवर माणसाचं काही नको. नदीवर न्यायचं तेही शिंगांना सैल कासरा टाकून. सासूबाईंनी मला हे शिकवलं आणि मी कधी मोडलं नाही. काजळ्याही कामाचं जनावर, म्हणून दरसाल बैलांबरोबर त्याच्याही गळ्यातली दोरी मी काढत आले. यंदा दोरीच्या जागी पट्टा होता. चारी बैलांचे खांदे चोळून झाले, हात तेलाचे होते, तसाच त्याचा पट्टा सोडला, चामडं वाळलं होतं म्हणून त्यालाही तेल चोळलं आणि खुंटीला अडकवला. त्याची मान चोळली. तो डोळे मिटून उभा राहिला. पाच वर्षांत एवढा वेळ मी त्याला कधी हात लावला नव्हता... आषाढातला हुकूम त्या वेळी मनात आलाच नाही. शिपाई दोन दिवसांपासून आसपासच्या गावांतून फिरत आहेत, हे मळ्यावर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते कळायला कशाला हवं होतं? पट्टा कशासाठी शिवला होता हे तर मला ठाऊकच होतं.

सखारामने दारात जे सांगितलं ते ऐकून मी हात धुतले आणि गावात गेले. काय झालं ते वाटेत सखारामने सांगितलं. नदीवर भावजींनी हौश्याला घेतलं तेव्हा काजळ्या पाण्याकाठी होता. सखाराम तीन बैल घेऊन मळ्याच्या वाटेला लागला. बाभळीपाशी आल्यावर काजळ्या थांबला. मागे वळून बैलांकडे बघितलं. एक कमी. "म्या हाका मारल्या अक्का, लई मारल्या. त्यो ऐकना. सरळ गावाकडं सुटला." सखारामने बैल बाभळीला बांधले आणि मागोमाग धावला. वेशीजवळ पोचतो तर बंदुकीचा आवाज.

काजळ्याला वेशीबाहेर खड्ड्याच्या कडेला टाकलं होतं. मिरवणुकीची वेळ होत आली होती, वेशीला तोरण बांधलं होतं, हलगीवाले येऊन बसले होते. मला बघून माणसं बाजूला झाली. त्या दिवशी "सरा बे" कुणी म्हटलं नाही. मी आधी भावजींच्या अंगणात गेले. तिथे हौश्या उभा होता, शिंगांना हिंगूळ लावणं चाललं होतं, पाठीवर झूल चढवली होती. बैल अजून थरथरत होता.

"तुमी हुता का तिथं?" मी विचारलं.

"हुतो की." भावजी शिंगाला रंग लावायचं थांबले नाहीत. "पर काय करायचं वैनी? शिपाई नाव लिवून घेत हुते. कुत्रं कुनाचं म्हनून तुमचं नाव सांगितलं असतं तर उद्या तुमाला कचेरीत उभं केलं असतं. घरची बाई कचेरीत गेल्याली बरी दिसती का?"

"माझं नको हुतं तर तुमचं घ्यायचं."

मी हौश्याच्या पाठीवरची झूल काढली, घडी घालून ओट्यावर ठेवली आणि कासरा सोडला. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "अवो, सणाच्या दिवशी बैल काढून नेतात व्हय कुनी?" मी म्हटलं, "सणाच्या दिवशीच नेला हुता." एका शिंगाला हिंगूळ आणि दुसरं कोरं, असा तो बैल घेऊन मी तोरणाखालून, सगळ्या गावादेखत, वेशीबाहेर आले. सखारामने काजळ्याला आपल्या पटक्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. विहिरीजवळ, धावेच्या वरच्या अंगाला लिंबाखाली त्याला पुरलं. मग घरी येऊन मी राहिलेलं पुरण वाटलं, पोळ्या केल्या आणि चारी बैलांना नैवेद्य दाखवला. बैलांनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणूबा आला. अंगणाच्या कडेला बसला, पाणी दिलं ते प्यायला, आणि बराच वेळ हातातली आरी मातीत टोचत राहिला. मग म्हणाला, "अक्का, मी बी तिथंच हुतो. काजळ्या हौश्याच्या भोवती फिरत हुता. त्याला वळवून भायेर काडायला बघत हुता, मेंढरू वळवत्यात तसं. कुनाला चावला न्हाई, काय न्हाई. शिपायानं इचारलं, ये बैल किसका? दादाराव म्हनले, हमारा. मग शिपायानं इचारलं, और कुत्ता?"

"मग?"

"मग कोन काय बोललं न्हाई. पाटील दादारावांकडं बघाया लागले. दादाराव बैलाकडं. शिपायानं दोन डाव इचारलं अक्का. दोन डाव. मला बोलाया पायजे हुतं. पट्टा म्याच शिवल्याला. पर घरचा मानूस गप, पाटील गप... मी कोन मदी बोलनार?"

गणूबाला मी दोष देत नाही. वेशीत त्याने तोंड उघडलं असतं तर त्याच्या पाठीवर काय उठलं असतं, ते मला माहीत आहे. तो निदान येऊन सांगून गेला. बाकीचे चाळीस जण अजून आलेले नाहीत. आणि मला तेव्हा उमगलं की भावजी माझी अब्रू राखण्यासाठी गप बसले नव्हते. कुत्रा माझा म्हटलं तर तो ज्याच्या मागे आला तो बैलही माझाच म्हणावा लागला असता, आणि पोळ्याच्या मानाच्या जोडीतला एक बैल भावजयीचा, न विचारता आणलेला आहे, हे पाटलासमोर निघालं असतं. तेवढ्यासाठी. मळा आमचा, विहीर आमची, बैल आमचे, असं पंधरा वर्षं ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या तोंडून एकदा, एका दिवसापुरतं, कुत्राही आमचा एवढं निघालं असतं तरी चाललं असतं. खोटं असलं तरी.

परवा भावजी आले. सुगी अजून लांब आहे, पण आले. ओसरीवर बसले. यंदा पावसाने मध्येच ओढ दिली, म्हणून मिरचीला मोट चालू आहे, तिच्याकडे बघत राहिले. गूळ त्यांनी घेतला नाही.

"वैनी, आता तुमचा कारभारी बी ऱ्हायला न्हाई," म्हणाले. "सखाराम म्हातारा झाला. कशाला जिवाला तरास? मळा आमच्याकडं द्या. दोन घास आमच्यात खावा."

मी म्हटलं, "वेशीत शिपायानं दोन गोष्टी इचारल्या हुत्या. बैल कुनाचा, त्याला तुमी उत्तर दिलं. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आज द्या, चार माणसांम्होरं, चावडीवर. मग मळ्याचं बोलू."

"कुत्र्यापायी घर मोडू नये मानसानं," एवढं म्हणून उठले. जाताना म्हणाले, कागद आपल्याकडे आहे, सुगीनंतर बघू. ते खरं आहे. कागद त्यांच्याकडे आहे. सुगीनंतर ते चार माणसं गोळा करतील, आणि ती चार माणसं त्या चाळिसांतलीच असतील. मला फार आशा नाही. पण मला झेपत नाही असं मात्र माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही.

मोटेचं सांगायचं राहिलं. सखारामने बैल जुंपले की ते अजूनही धावेच्या तोंडाशी थांबतात. तो हाकतो, नाडा हलवतो, ते कान मागे करून उभे. पहिले काही दिवस त्याने आसूड उगारला, मग मीच नको म्हटलं. आता रोज सकाळी मी जाते. विहिरीच्या तोंडाशी एक फेरी मारते, चाकाखाली उभी राहून कण्याला कान देते. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी बाजूला झाले की बैल चालू लागतात.

गेल्या आठवड्यात मोट तळाशी फाटली. ठिगळाला मुरलेलं, मऊ चामडं हवं होतं. सखाराम गोठ्यात गेला आणि खुंटीशी उभा राहून म्हणाला, "अक्का, ह्यो पट्टा हाय की. तेल खाल्ल्यालं हाय, बरुबर बसंल." त्याचं चूक नव्हतं. पट्टा मोटेचाच होता, मोटेला परत गेला असता, आणि असा जिन्नस मी आजवर खुंटीला टांगून कधी ठेवलेला नाही. मी त्याला सांगितलं, दुसरं बघ. तो गणूबाकडे गेला. पट्टा तिथेच आहे. दर शनिवारी बैलांच्या दाव्यांना तेल लावते तेव्हा त्यालाही लावते. चांगलं चामडं मी जन्मात पहिल्यांदा वाया घालवते आहे.